चाळीस किलो कांदा

माझे वडील खरं बोलायचे, आणि त्याचा आम्हा घरातल्यांना फार त्रास व्हायचा.

सटाण्याच्या मार्केट यार्डात ते मापारी होते. शेतकऱ्याने कांदा आणला, लिलाव झाला, की वजन करायचं ते मापाऱ्याने. तो विकणाऱ्याचाही माणूस नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. तिवईला टांगलेल्या मोठ्या काट्यापाशी उभं राहून तो वजन ओरडून सांगतो आणि तो सांगेल ते वजन. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, अशी जुनी रीत होती. नानांची, म्हणजे माझ्या वडलांची, 'लाभ'ची हाक यार्डाच्या फाटकापर्यंत ऐकू यायची. शाळेतून येताना ती ऐकू आली की आज घरी चहाला साखर आहे असं मी समजायचे, कारण माप चालू म्हणजे मजुरी चालू.

कांदा वाळतो आणि वजनात उतरतो. त्या नावाखाली काही व्यापारी दर पोत्यामागे थोडं वजन आधीच कापून घ्यायचे. त्याला घट म्हणायचे. शेतकरी गप्प बसायचा, नाना बसायचे नाहीत. ''हाऊ काटा मना शे. आठे घट चालत नही,'' असं ते व्यापाऱ्याच्या तोंडावर सांगायचे. आमच्या अहिराणीत 'मना' म्हणजे माझा आणि 'आठे' म्हणजे इथे. काटा खरं तर मार्केट कमिटीचा होता, पण हे नानांना कोण सांगणार? त्यापायी दोन आडत्यांनी, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालांनी, त्यांना काम देणं बंद केलं होतं. माय म्हणायची, खरं बोलून पोट भरत असतं तर मी चूल कशाला पेटवली असती.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी नाशिकला डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि वसतिगृहात राहायचे. दिवाळीला घरी गेले तेव्हा मायने मला न्हाणीत बोलावलं आणि छातीतली गाठ दाखवली. किती दिवसांची आहे विचारलं तर म्हणाली, ''व्हई वरीस.'' मला इतका राग आला की मी तिच्यावर ओरडले, आणि ओरडता ओरडता रडायला लागले. तिलाच माझी समजूत घालावी लागली.

नाशिकच्या डॉक्टरांनी तपासलं, सुई घालून पाणी काढलं, मुंबईहून रिपोर्ट मागवला. मग मला एकटीला आत बोलावून सांगितलं, मुंबईला न्या, ऑपरेशन, त्यानंतर किरणांचे शेक, दोन-तीन महिने तिथंच राहावं लागेल, आणि उन्हाळ्याच्या पुढे ढकलू नका. कॅन्सर हा शब्द तेव्हा लोक दबक्या आवाजात बोलायचे. शेजारच्या एका काकूंनी तर आमच्या घरचा चहा घेणंच सोडलं.

मुंबईचा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. ज्या आडत्याकडे नाना वीस वर्षं माप करत होते, तो म्हातारा माणूस एका संध्याकाळी पाकीट घेऊन घरी आला. नानांनी त्याला चहा पाजला, पाकीट त्याच्या सदऱ्याच्या खिशात परत ठेवलं आणि म्हणाले, ''मी कोनं फुकट लेत नही, शेठ.'' उचल म्हणून द्यायला गेला तर म्हणाले, फेडायला आता वय नाही. वर्गणीची गोष्ट निघाली तेव्हा ते उठून बाहेर गेले. शेत नव्हतं, मायच्या अंगावरचं सोनं माझ्या शिक्षणात गेलं होतं. फाल्गुन लागला तरी आम्ही तिथंच.

मी आडत्याच्या गाळ्यावर गेले आणि सरळ म्हटलं, ''शेठ, माझी आई मरेल.''

म्हाताऱ्याने हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाला, ''तुझा बाप दान घ्यायचा नाय. पण पैज? पैजेला तो कधी नाय म्हनला नाय.''

ते खरं होतं. तरुणपणी जत्रेत नानांनी पैजेवर ज्वारीचं पोतं देवीच्या पायऱ्यांनी वर नेलं होतं आणि शेरभर जिलेबी जिंकली होती. ती गोष्ट सांगताना तेव्हाही त्यांची छाती फुगायची. आडत्याने आणखी चार व्यापाऱ्यांना विश्वासात घेतलं. ठरलं ते असं, की नानांना डिवचायचं, पैज लावायची, आणि आपण पाची जणांनी ती हरायची. हरले की मुंबईचा सगळा खर्च पैजेचा म्हणून द्यायचा. जिंकलेली पैज म्हणजे हक्काचा पैसा, तो नाना घेणार.

''किती वजन?'' मी विचारलं.

''चाळीस किलो. गडावर नेऊन परत आनायचं. एकट्यानं.''

मी म्हटलं, ''वीस ठेवा. बावन्न वर्षांचे आहेत, गुडघा दुखतो त्यांचा.''

''वीस म्हनलं तर त्याला लगेच वास येईल, बाई. मापारी हाय तो.''

''आणि हरले तर?''

''तर तो एक पैसा घ्यायचा नाय. म्हनून हरायचं नाय.''

मी हो म्हणाले. मायला वाचवायला मी नानांना डोंगरावर चढवायला तयार झाले, हे मी तेव्हाही स्वतःला स्पष्ट सांगितलं होतं आणि आजही सांगते.

दुसऱ्या दिवशी लिलाव संपल्यावर एक व्यापारी मोठ्याने म्हणाला, आमचा मापारी म्हातारा झाला, आता त्याच्या हाकेलाच वजन राहिलंय. दुसरा म्हणाला, गड तर सोडा, गाळ्याची पायरी चढवणार नाही. नाना भडकले. पंधरा मिनिटांत पैज ठरली. घरी येऊन त्यांनी मायला सांगितलं आणि माय माझ्याकडे अशी पाहायला लागली की मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर सटकले.

बागलाणातला सगळ्यात उंच गड तो. चैत्रात लोहाराच्या भट्टीसारखा तापतो, म्हणून उजाडताच निघायचं ठरलं. व्यापारी जीपने आले, मागून टेम्पोत काटा, तिवई आणि पोतं. माय ऐकायला तयार नव्हती, तीही टेम्पोत बसून आली. बातमी पसरली होती. पायथ्याच्या गावातले आणि यार्डातले तीसेक शेतकरी जमले होते.

आडत्याने अटी सांगितल्या. पोत्याला दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. दिवस मावळायच्या आत खाली. आणि खाली आल्यावर काट्यावर चाळीस किलो भरलं पाहिजे, म्हणजे वाटेत पोतं हलकं केलं नाही हे कळेल. ही शेवटची अट नानांनीच घालायला लावली होती. पोत्याच्या तोंडावर सुतळीची आडवीतिडवी वीण घातली होती, कांदे वरून दिसत होते. वजन केलं. दांडी सरळ रेषेत थांबली. नानांनीच हाक दिली, ''लाभ! चाळीस!'' आणि सगळे हसले.

साक्षीला व्यापाऱ्यांचा एक मुनीम आणि पाण्याची बाटली घेऊन मी, असे आम्ही दोघं बरोबर निघालो. मुनीम शहरी बूट घालून आला होता. दुसऱ्या दरवाजापाशी तो पायरीवर बसला आणि म्हणाला, ''मी इथंच थांबतो, तुम्ही या.'' त्यापुढे नाना आणि मी, दोघंच.

नाना एका लयीत चढत होते. पोत्याची दोन टोकं खांद्यावरून धरलेली, मान पुढे, नजर पुढच्या पायरीवर. खडकात कोरलेल्या पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि एका बाजूला नुसती दरी. दर वीस पायऱ्यांनंतर ते कातळाच्या कंगोऱ्यावर पोतं टेकवायचे, म्हणजे परत उचलताना कंबर वाकवायला नको. त्यांचा श्वास मला चार पायऱ्या मागे ऐकू यायचा. प्रत्येक वेळी पोतं परत पाठीवर घेताना उजवा गुडघा थरथरायचा आणि मी मनात म्हणायचे, बस झालं, सांगून टाकते, ही पैज खोटी आहे. पण सांगितलं असतं तर ते तिथूनच उतरले असते. मायची मुंबईही तिथंच संपली असती.

एका ठिकाणी पाय घसरला. पोतं दरीच्या बाजूला झुकलं आणि त्याबरोबर तेही. माझा हात आपोआप पोत्याकडे गेला.

''हात लाऊ नको!'' ते असे ओरडले की समोरच्या कड्यावरून आवाज परत आला.

पोत्याला लागायच्या आत मी हात वळवला आणि त्यांचं कमरेचं धोतर धरलं. माणसाला हात लावायचा नाही असं अटीत नव्हतं. आम्ही तसेच थांबलो, ते कातळाला टेकून आणि मी त्यांच्या धोतराला लोंबकळून, किती वेळ ते माहीत नाही. मग ते म्हणाले, ''सोड. चालू.''

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. पाण्याच्या टाक्याजवळ, गुहेच्या सावलीत नानांनी पोतं ठेवलं आणि ते आडवेच झाले. ओठ पांढरे पडले होते. मी पाणी पाजलं, तोंडावर मारलं. थोड्या वेळाने ते उठून बसले, खाली दूरवर पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. ''चढनू ना?'' म्हणाले. मला एवढं बरं वाटलं की मी पटकन मायने बांधून दिलेलं फडकं सोडलं. बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. कांदा नव्हता. आमच्याकडे कांदा कोणी बांधून देत नाही, हात लांब केला की कांदा असतोच.

मी हात लांब केला. सुतळीच्या विणीतून दोन कांदे ओढून काढले, दगडावर ठेवून मुठीने फोडले, एक नानांना दिला, एक मी घेतला. आम्ही पोटभर जेवलो. सगळा जन्म कांद्यात काढलेला मापारी आणि कांद्यावर वाढलेली त्याची शिकलेली मुलगी, दोघांच्याही काही म्हणजे काही डोक्यात आलं नाही.

उतरताना अर्ध्या वाटेवर नाना एकदम थांबले. पोतं कातळावर टेकवलं आणि माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, छातीत कळ आली.

''कांदा कोठला व्हता?'' त्यांनी विचारलं.

मी पोत्याच्या विणीकडे पाहिलं. दोन कांदे, म्हणजे पाव किलोला थोडं कमी. तीस वर्षं माप करणाऱ्या माणसाला ते पोत्यात हात न घालता कळत होतं.

मी सुचवायला लागले. पायथ्याच्या झोपडीतून दोन कांदे मागून आणते. नको? मग एक दगड. मुठीएवढा, खाली तळाशी. मुनीम अजून खाली आहे, कोणी बघत नाही. तोंडातून शब्द गेला आणि मलाच माझी लाज वाटली. कांद्यात दगड घालणारा शेतकरी नानांनी एकदा भर यार्डात उभा केला होता, आणि मग त्याला माफ करा म्हणून कमिटीसमोर स्वतःच हात जोडले होते.

नाना माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पोतं पाठीवर घेतलं आणि उतरायला लागले. दुसऱ्या दरवाजापाशी मुनीम उठून मागे आला. मग एकही शब्द बोलता आला नाही. दोन तास मी त्या पोत्याकडे बघत उतरले. पोतं तेवढंच दिसत होतं.

खाली ओरडा झाला. कोणी गुलाल आणला होता. माय टेम्पोच्या फळीवर बसली होती, डोक्यावरचा पदर दाताखाली धरून. नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पोतं सरळ पारड्यात ठेवलं आणि बाजूला झाले. ''दुसऱ्या कोनाला माप करू द्या,'' म्हणाले.

''दुसरा कोन?'' आडत्या म्हणाला. ''तुझ्याइतका खरा काटा यार्डात नाय. तूच बोल.'' त्याला वाटलं, आपण मान देतोय.

नाना काट्यापाशी गेले. दुसऱ्या पारड्यात वजनं चढली. दांडी हलली, डुलली, आणि थांबली. वजनाचं पारडं दोन बोटं खाली होतं. मी नानांच्या अगदी मागे होते, मला दिसलं. आडत्यालाही दिसलं. तो चटकन पुढे आला आणि हसत म्हणाला, ''दिवसभर उन्हात होतं पोतं. कांदा वाळनारच. घट धरा की, मापारी!''

त्याने वाट काढून दिली होती. मला वाटलं, सुटलो. मग मी नानांची नजर कुठे गेली ते पाहिलं. ती मागे उभ्या असलेल्या शेतकऱ्यांवर गेली होती. ते सगळे गप्प झाले होते. मापाऱ्याने आज स्वतःच्या पोत्याला घट धरली, तर उद्या सकाळी लिलावात त्यांच्या प्रत्येक पोत्याला ती धरली जाणार होती आणि नानांना तोंड उघडता येणार नव्हतं. हे त्यांना कळत होतं, नानांना कळत होतं, आणि हसणाऱ्या आडत्याला मात्र त्या घटकेला सुचलं नव्हतं.

''आठे घट चालत नही,'' नाना म्हणाले. हळू म्हणाले.

मुनीम पारडं बघायला पुढे सरकला. आडत्याने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. ''मागं हो. मापारी सांगंल ते वजन.''

मग नानांनी मायकडे पाहिलं. माय फळीवरून उतरून उभी राहिली होती. गाठ असलेल्या बाजूचा हात ती तेव्हा अंगापासून जरा लांब धरायची, तसा धरून. तिला कांद्याचं काही माहीत नव्हतं. तिला फक्त एवढं दिसत होतं की नवरा परत आला आहे, आणि ती हसत होती.

नानांनी दांडीला हात लावला, जणू ती अजून डुलतेय आणि तिला थांबवायचं आहे. पारडी सारखी दिसली.

''लाभ,'' ते म्हणाले. हाक नव्हती ती. समोरच्या माणसाशी बोलावं एवढाच आवाज. ''चाळीस.''

गुलाल उडाला. कोणीतरी त्यांना खांद्यावर घ्यायला गेलं, त्यांनी घेऊ दिलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही मायला मुंबईला नेलं. ऑपरेशन झालं, शेक झाले. छातीची कातडी भाजल्यासारखी काळी पडली आणि पुन्हा आली. श्रावणात ती घरी परतली आणि पुढची नऊ वर्षं जगली. माझं लग्न तिने लावलं, माझी दोन्ही बाळंतपणं केली, माझ्या संसारात नको तेवढं नाक खुपसलं. त्यातला एक दिवसही मला कोणी परत मागितला तर मी देणार नाही.

नानांनी मात्र मुंबईहून परतल्यावर मापाऱ्याचं लायसन्स कमिटीत नेऊन दिलं. गुडघा गेला म्हणाले. लोकांना पटलं, गड चढून गुडघा जाणारच. पुढे ते एका बागाईतदाराच्या कांदा साठवायच्या चाळीवर राखण करायला जायचे. यार्डाच्या रस्त्याने जायचं टाळायचे, मागच्या बाजूने वळसा घालून जायचे. आणि ताटात कांदा घ्यायचे नाहीत. माय चिडायची, कांद्याच्या गावात राहून हे काय नवीन सोंग? ते म्हणायचे, पित्त होतं.

त्यांना वाटत होतं, आपण पाच माणसांना खोटं माप सांगून लुबाडलं. मला माहीत होतं की त्या पाचांना हरायचंच होतं, एकाचाही पैसा लुबाडलेला नव्हता. एका वाक्यात मी त्यांना मोकळं करू शकत होते. पण ते वाक्य म्हणजे, नाना, ते दान होतं. माय जिवंत असेपर्यंत ते मला बोलता आलं नाही. बायको दानावर जगतेय हे कळून त्यांनी काय केलं असतं, याची मला खात्री नव्हती. कधी कधी त्यांचाच राग यायचा. एवढं सगळं मिळालं, माणूस मिळालं, आणि हे दोन कांद्यांचा हिशोब उराशी धरून बसलेत!

मायचं तेरावं झालं, पाहुणे गेले. दुपारी ओसरीवर आम्ही दोघंच होतो. मी भाकरी वाढली, आणि कांदा फोडून त्यांच्या ताटात ठेवला. ते माझ्याकडे पाहायला लागले. मग मी सगळं सांगितलं. आडत्याच्या गाळ्यावर गेले ते, वीस की चाळीस ते, पाची जणांचं ठरलेलं ते, सगळं. ''नाना, तुम्ही कोणालाही फसवलं नाही,'' मी म्हटलं. ''ती पैजच खोटी होती.''

ते रागावले नाहीत. आडत्या तोवर वारला होता. त्याचं नाव काढून त्यांनी कपाळाला हात लावला, भला माणूस, म्हणाले. डोळे पुसले. मला वाटलं, सुटले एकदाचे.

त्यांनी ताटातला कांदा उचलला, हातावर घेतला, दोनदा हलकासा वरखाली केला, तोलून बघतात तसा.

''पैज त्यासनी व्हती, बाई,'' ते म्हणाले. ''काटा मना व्हता.''

आणि कांदा माझ्या ताटात ठेवून ते नुसत्या ठेच्याशी भाकरी खायला लागले.